भडक्याआधीच चढलेली रेघ: आयनीकरण मोजायला निघालेल्या एका प्रकल्पाचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं महाविद्यालय, एम.एस्सी. भौतिकशास्त्राचं दुसरं वर्ष, दोन विद्यार्थ्यांचा प्रकल्प आणि मार्गदर्शक मी. नावं मुद्दाम गाळली आहेत. मुलीला अ म्हणतो, मुलाला ब. प्रकल्पात एक चूक झाली आणि ती सापडलीही. पण सापडायच्या आधी ती झाकून टाकायचा सल्ला मीच दिला होता, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

विषय अ घेऊन आली. उदासीन अणूवर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतो; हेच आयनीकरण, आणि मागे उरतो तो आयन. तो किती सुटतो हे मोजायचं आणि गणिताशी ताडून बघायचं. फळ्यावर हे सोपं आहे. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) लागतात, म्हणजे ९१.२ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश. त्या उंबरठ्यावर अणूचा काटछेद, म्हणजे प्रकाशाला अडवणारं त्याचं परिणामी क्षेत्रफळ, साधारण ६.३ गुणिले १० चा उणे अठरावा घात, इतके वर्ग सेंटीमीटर असतो. पुढे तरंगलांबी घटत जाते तसा तो जवळपास तिच्या घनाच्या प्रमाणात घसरतो. एवढं आम्ही शिकवतोच.

मोजायचं म्हटलं की पंचाईत सुरू होते. त्यातल्या त्यात सोपा अणू सोडियमचा, ५.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे २४१ नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाश हवा. तो साध्या काचेतून जात नाही, क्वार्ट्झची खिडकी लागते. निर्वात पंप लागतो, सोडियमची वाफ करायला भट्टी लागते, आणि वाफेतले अणू किती हे कळायची सोय लागते. आमच्याकडे एक रोटरी पंप आहे, तोही तेल गाळतो.

ब म्हणाला, फोटोइलेक्ट्रिकचा संच आहे न सर, त्यावर करू. बहुतेक मुलं इथेच घसरतात. त्या संचात प्रकाश धातूच्या पृष्ठभागावर पडतो, सुट्या अणूवर नाही. सोडियम धातूतून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, सुट्या सोडियम अणूतून काढायला ५.१४. मूलद्रव्य तेच, पण उत्तर दुपटीहून जास्त. दुसरी वाट इंदूरची. तिथल्या इंडस-१ सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून प्रकाश काढणारं यंत्र) अतिनील प्रकाश मुबलक आहे. पण तिथली वेळ मागायची, प्रस्ताव द्यायचा, वाट बघायची. आमच्याकडे एक सत्र होतं.

मग तिसरी वाट धरली: दिवा सूर्याचा आणि वाफ वातावरणाची. साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या आयनीभूत भागाचा, डी थर असतो. दिवसा तयार होतो, रात्री विरतो. शांत दिवशी त्याचा मुख्य कारागीर म्हणजे सूर्यातल्या हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची लायमन-अल्फा रेषा. तिच्या फोटॉनमध्ये १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात. ऑक्सिजनच्या अणूला १३.६ हवेत, ऑक्सिजनच्या रेणूला १२.१, नायट्रोजनच्या रेणूला १५.६. यातल्या कुणालाच ती फोडू शकत नाही. फुटतो तो नायट्रिक ऑक्साइड, ज्याला ९.२६ पुरतात आणि जो तिथे नावापुरताच असतो. सौर भडका, म्हणजे सूर्यावरचा अचानक स्फोट, उडाला की चित्र पालटतं. एक नॅनोमीटरहून आखूड क्ष-किरण खाली उतरतात आणि समोर येईल त्या अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवतात. तो इलेक्ट्रॉन वाटेत आणखी अणू फोडत जातो. हवेत आयन-इलेक्ट्रॉनची एक जोडी करायला सरासरी पस्तीसेक इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्च होतात. म्हणजे अर्ध्या नॅनोमीटरच्या एका फोटॉनमागे सत्तर जोड्या.

हा थर बघायचा कसा? तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे नौदलाचं अतिनिम्न वारंवारतेचं प्रक्षेपण केंद्र आहे, त्याचा १८.२ किलोहर्ट्झचा संकेत जमीन आणि डी थर यांच्यामधल्या पोकळीतून इथवर येतो. थर बदलला की संकेताची ताकद बदलते. अठरा किलोहर्ट्झ म्हणजे जवळपास आवाजाचीच वारंवारता, त्यामुळे संगणकाचं साउंड कार्ड हाच रिसीव्हर.

मोटार वाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची इनॅमल तार आणली, सागाच्या पट्ट्यांची एक मीटर चौकट केली, वेढे घातले, एक छोटा ॲम्प्लिफायर जोडला. केंद्र आमच्यापासून सुमारे १,३०० किलोमीटर, जवळजवळ सरळ दक्षिणेला, म्हणून चौकटीचं प्रतल दक्षिणोत्तर ठेवलं. वाटेचा मध्य आंध्रात अनंतपूरच्या आसपास पडतो. हे नकाशावर दाखवलं तेव्हा ब हिरमुसला. "म्हणजे आपल्या डोक्यावरचं मोजतच नाही आपण?" नाही. यवतमाळ जिल्ह्यात बसून मोजायचं ते मुख्यतः रायलसीमेवरचं आकाश.

जानेवारीत स्क्रीनवर संकेताच्या ताकदीची रेघ दिसायला लागली, पण तिच्यावर दर सेकंद-सव्वा सेकंदाला एक टोचा. दोन दिवस आम्ही ॲम्प्लिफायर उघडून बसलो. मग प्रयोगशाळेतले काका म्हणाले, "बाजूच्या वावरात झटका मशीन लावली आहे जी, हरभऱ्यात डुकरं येतात." म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं यंत्र. संध्याकाळी मशीन सुरू, टोचे सुरू, सकाळी बंद. ते वावर पश्चिमेला होतं, आणि अशा चौकटीला तिच्या प्रतलाशी काटकोनातल्या दिशेचं सगळ्यात कमी ऐकू येतं, त्यामुळे नशिबाने बराचसा त्रास आपोआप कमी झाला. उरलेला त्रास रात्रीचा होता, आम्हाला दिवस हवा होता. मार्चपासून दुसरा त्रास: कूलरचा रेग्युलेटर. विदर्भात एप्रिल-मेमध्ये दुपारी कूलर बंद ठेवा म्हणायला छाती लागते. आम्ही चौकटच इमारतीपासून लांब, मागच्या कडुनिंबाखाली नेली.

अडचण

मे २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात सूर्यावर एक मोठा डाग-समूह आपल्या समोर आला आणि भडक्यांची रांग लागली. ९ मे रोजी दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी एक्स २.२ श्रेणीचा (एक्स ही सगळ्यात तीव्र श्रेणी) भडका कळसाला पोचला. आमच्याकडे तेव्हा लाइन नव्हती. १० मे रोजी दुपारी १२ वाजून २४ मिनिटांनी एक्स ३.९ चा कळस. त्या वेळी लाइन होती, संगणक सुरू होता, आणि रेघ अशी चढली की शेजारच्या वर्गातून मुलं बघायला आली. त्याच रात्री लडाखमध्ये हानलेहून सौर वादळामुळे आकाशात पडलेला तांबडा प्रकाश टिपला गेला. आमच्या लेखी दुपारची ती रेघच मोठी होती.

मुळात मोजायचा होता तो उशीर. क्ष-किरणांचा कळस आधी येतो, इलेक्ट्रॉनांचा थोडा मागून. कारण इलेक्ट्रॉन तयार होण्याबरोबर आयनांशी पुन्हा जुळून नाहीसेही होत असतात. क्ष-किरण उतरायला लागले तरी जोवर तयार होणारे नाहीसे होणाऱ्यांपेक्षा जास्त, तोवर संख्या वाढतच राहते. उशीर जितका कमी, तितकं हे पुन्हा जुळणं वेगवान. म्हणजे दोन घड्याळांतल्या फरकावरून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या इलेक्ट्रॉनच्या आयुष्याचा अंदाज.

संध्याकाळी अ ने गोज या अमेरिकी हवामान उपग्रहाची मिनिटा-मिनिटाची क्ष-किरण नोंद उतरवून घेतली. कळस जागतिक वेळेनुसार ६:५४, त्यात साडेपाच तास, १२:२४. आमच्या रेघेचा कळस १२:२१:४०.

सूर्यावर भडका टोकाला जायच्या सव्वादोन मिनिटं आधीच आमचे इलेक्ट्रॉन टोकाला जाऊन उतरायला लागले होते.

समोरचे पर्याय

प्रकल्प २० मेला द्यायचा होता. मी थकलेलो होतो आणि म्हणालो, "दोनच मिनिटांचा फरक आहे. 'मोजमापाच्या मर्यादेत एकाच वेळी' असं लिहून टाका."

अ गप्प बसली. मग म्हणाली, "पण सर, उशिरा असता तं चाललं असतं. हा आधी आहे. कारणाच्या आधी परिणाम कसा येईन?"

तिचं बरोबर होतं. आम्ही दोन-तीन मिनिटांचाच उशीर मोजायला निघालो होतो. मर्यादाच तेवढी आहे म्हणायचं तर प्रकल्पात काही उरत नव्हतं.

ब ने दुसरा मार्ग सुचवला. अशा भडक्यांत दोनेक मिनिटांचा उशीर असतो हे वाचलेलं आहे, तर आपली सगळी नोंद चार-साडेचार मिनिटांनी पुढे सरकवू. कुणाला कळणारही नाही. आणि गंमत म्हणजे नंतर जे खरं उत्तर निघालं त्याच्या अगदी जवळचं उत्तर यातूनही आलं असतं. तरी तो उशीर आम्ही मोजलेला नसता, आधी भरलेलाच परत काढलेला असता.

तिसरा पर्याय उशीर सोडून द्यायचा आणि नुसती चढलेली रेघ छापायची. हा प्रामाणिक होता आणि आणखी दोन दिवस गेले असते तर आम्ही तोच घेतला असता. चौथा, खरी वेळ वेगळ्या कुठल्या तरी पुराव्यावरून शोधायची. पुरावा काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

काय केलं

आधी घड्याळ बिघडलं कसं ते शोधलं. काकांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "लाइन गेली की त्याचं घड्याळ जुन्या सालाचं १ जानेवारी दाखवते न जी. मग मी भिंतीवरचं पाहून लावून देतो." मदरबोर्डवरचा बटन सेल संपला होता, तीस-चाळीस रुपयांचा. काका चार महिने इमानदारीने दर वेळी वेळ लावत होते आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं. इंटरनेट त्या खोलीत पोचत नाही, त्यामुळे संगणकाला स्वतःहून वेळ सुधारायची सोय नव्हती. भिंतीवरचं घड्याळ मोबाइलशी लावून पाहिलं: पाचेक मिनिटं मागे.

दिशा पटली, पण 'पाचेक' चालणार नव्हतं. काकांनी १० मेच्या सकाळी कुठल्या सेकंदाला बटण दाबलं, हे भिंत सांगणार नाही. ब चे एक नातलग सबस्टेशनला आहेत; तिथल्या नोंदवहीत फीडर कधी गेला, कधी आला हे असतं. पण तेही मिनिटांत, आणि तिथल्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे.

मग १२ तारखेला ब ला आठवलं की त्याने त्या दुपारी स्क्रीनचा फोटो काढून स्टेटसला ठेवला होता. स्टेटसवरून उतरवलेल्या चित्रात फोटो काढल्याची मूळ वेळ राहत नाही. मूळ फोटो त्याने जागा करायला डिलीट केलेला. तो मोबाइलच्या कचरापेटीत सापडला.

फोटो वाईटच होता. स्क्रीनवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, कडेला काकांचा खांदा. पण खालच्या कोपऱ्यात नोंद घेणाऱ्या सॉफ्टवेअरचं घड्याळ स्पष्ट होतं: १३:०५:१२. फोटोची माहिती उघडली: १३:१०:०३. संगणक ४ मिनिटं ५१ सेकंद मागे.

लगेच हुरळून जायला नको म्हणून तीन गोष्टी तपासल्या. मोबाइलची वेळ आपोआप नेटवर्कवरून घेतली जाते का? होय. भडका आणि फोटो यांच्या मध्ये लाइन गेली होती का? नाही, नोंद सलग होती, म्हणजे घड्याळ मध्येच कुणी लावलेलं नाही. आणि पाऊण तासात ते स्वतःहून किती सरकतं? पुढचे तीन दिवस मोबाइलशी ताडून पाहिलं. दिवसाला काही सेकंद. पाऊण तासात नगण्य.

१२:२१:४० मध्ये ४:५१ मिळवले की १२:२६:३१. उशीर अडीच मिनिटं. उपग्रहाची नोंद मिनिटाची असल्याने त्यात अर्ध्या मिनिटाची खोट, आमच्या रेघेचा माथा सपाट असल्याने आणखी थोडी. दोन ते तीन मिनिटांच्या मध्ये कुठेतरी, यावर आम्ही ठाम राहिलो.

मॉडेल

समीकरण एका ओळीचं आहे: इलेक्ट्रॉनांची संख्या बदलण्याचा वेग म्हणजे तयार होण्याचा वेग वजा पुनःसंयोगाचा (इलेक्ट्रॉन आयनांशी पुन्हा जुळण्याचा) गुणांक गुणिले संख्येचा वर्ग. स्प्रेडशीटमध्ये सहज बसतं. अ ने पहिल्यांदा दहा-दहा मिनिटांच्या पायऱ्या घेतल्या, आणि इलेक्ट्रॉनांची संख्या उणे आली. ती घाबरून माझ्याकडे आली. उणे इलेक्ट्रॉन म्हणजे पायरी फार मोठी, एवढंच. जी गोष्ट पाच मिनिटांत निम्म्याहून खाली येते तिला दहा मिनिटांच्या ढांगेने मोजलं की ढांग खड्ड्यात पडते. पायरी दहा सेकंदांची केली, काम झालं.

दुसरी चूक जास्त शिकवणारी होती. तयार होण्याचा वेग आम्ही सरळ क्ष-किरणांच्या प्रमाणात धरला होता. भडका छान जुळला, पण भडक्याच्या आधी इलेक्ट्रॉन जवळपास शून्यावर आले. म्हणजे या मॉडेलप्रमाणे शांत दिवशी डी थर नसतोच. आमच्याकडे चार महिन्यांच्या नोंदी होत्या, प्रत्येक दिवशी सूर्योदयाला रेघ बदलताना दिसत होती. थर तर रोज येत होता. सुटली होती ती लायमन-अल्फा, वर सांगितलेली नायट्रिक ऑक्साइड फोडणारी. तिच्यासाठी एक स्थिर भर घातली, त्यावर क्ष-किरणांचा वाटा चढवला. मग जमलं.

एका बाबतीत नशीब पाठीशी होतं. सूर्य तिरपा असला की किरणांना जास्त हवा ओलांडावी लागते आणि सगळ्यात जास्त आयनीकरण होण्याची उंची वर सरकते. १९३१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांनी त्याचं गणित मांडलं. १० मेला साडेबाराच्या सुमारास अनंतपूरवर सूर्य डोक्यावरून तीन-चार अंशच कलला होता. ते गणित समजून घेतलं, पण त्या दिवसासाठी वापरावं लागलंच नाही.

निकाल

उशीर म्हणजे साधारणपणे एक भागिले, गुणांक आणि संख्या यांच्या गुणाकाराची दुप्पट. दीडशे सेकंद घातले की तो गुणाकार सेकंदाला तीनशेत एक येतो. एका घन सेंटीमीटरमध्ये हजार इलेक्ट्रॉन धरले तर गुणांक ३.३ गुणिले १० चा उणे सहावा घात, घन सेंटीमीटर प्रति सेकंद. डी थरासाठी पुस्तकांत सापडणाऱ्या पट्ट्यात हे बसतं. पण 'हजार धरले तर' हे अहवालात ठळक लिहायला लावलं. रेघ संकेताची ताकद दाखवते, इलेक्ट्रॉन मोजून दाखवत नाही. वाट वेगळी असती तर त्याच भडक्यात ती खालीही गेली असती.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काटछेदावर एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी फोटो मागितला, मोबाइल हातात घेऊन वेळ स्वतः पाहिली आणि विचारलं, "हे घड्याळ बरोबर आहे कशावरून?" अ ने तीन दिवसांच्या ताडून पाहिलेल्या वेळांचं पान काढून दिलं.

पुन्हा करायचं झालं तर

बटन सेल, अर्थातच. त्याहून आधी काकांशी बोलणं. संगणक बंद-चालू झाला की काय होतं, हे ज्याला माहीत होतं त्याला आम्ही फक्त कूलरमध्ये पाणी टाकायला सांगत होतो. आता एक जीपीएस मॉड्यूल लावलं आहे, त्याचा दर सेकंदाचा ठोका साउंड कार्डच्या दुसऱ्या वाहिनीवर संकेताच्या शेजारीच नोंदला जातो. घड्याळ कुणी कसंही लावो, ठोका नोंदीतच राहतो.

दुसरं, एकाच केंद्रावर विसंबायला नको होतं. ते देखभालीसाठी बंद झालं की रेघ धाडकन खाली येते, आणि फेब्रुवारीत अशाच एका घसरणीला आम्ही दोन दिवस भडका समजत होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं १९.८ किलोहर्ट्झचं केंद्र त्याच साउंड कार्डच्या टप्प्यात येतं. दोन्ही रेघा एकदम हलल्या तर कारण आकाशात. त्यासाठी दुसरी चौकट लागेल, कारण ते आग्नेयेला आहे.

तिसरं माझ्यापुरतं. 'मर्यादेत' हा शब्द मी मर्यादा न काढताच वापरला होता. ती काढायला सांगितलं असतं, तर घड्याळाचा प्रश्न त्याच संध्याकाळी निघाला असता आणि फोटो कचरापेटीत शोधावा लागला नसता.

११ मेच्या सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांनी आणखी मोठा, एक्स ५.८ चा भडका होता. त्याची नोंद आमच्याकडे आहे, सुरेख आहे. पण आदल्या रात्री लाइन गेली होती, पहाटे काकांनी पुन्हा भिंतीवरचं पाहून वेळ लावली, आणि त्या सकाळी कुणी फोटो काढला नाही. अ चं म्हणणं, १० मेचा उशीर धरून ११ मेचं घड्याळ काढता येईल. मी विचारलं, मग त्यातून ११ मेचा उशीर कसा काढशील? ती हसली. फाइलचं नाव तिने बदलून ठेवलं आहे: '११ मे, वेळ माहीत नाही'.